घरांतील मुखमार्जनाची जागा

जुन्या घराची दुरुस्ती काढली म्हणजे मंडळी प्रथम दिवाणखान्याचा विचार करतात, मग स्वयंपाकघराचा, आणि पैसा व उत्साह दोन्हीं संपत आल्यावर न्हाणीघराचा. तेथें काय करावयाचें हें बहुधा घरचीं माणसें ठरवीतहि नाहींत, दुकानदार ठरवितो. पेठेंत कांचेपलीकडे मांडलेलें चिनी मातीचें बेसिन, त्याखालचें चकचकीत कपाट, वर दिव्यांनीं वेढलेला आरसा, हा थाट पसंत पडतो, आणि तो घरीं आणून भिंतीवर बसविला कीं काम झालें असें वाटतें. शहरांतून या थाटास 'व्हॅनिटी' म्हणतात. त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ पोकळ अभिमान असा आहे, आणि पुष्कळ घरांत तो अगदींच खोटा ठरत नाहीं.

ज्या कामासाठीं ही जागा असते तें काम मात्र फार जुनें आहे. सकाळीं उठून दांत घासणें, चूळ भरणें, तोंड धुणें, केंस विंचरणें, कुंकू लावणें, दाढी करणें, जेवणाच्या आधीं व नंतर हात धुणें, हीं तीं कामें. जुन्या घरांत त्यांची वांटणी झालेली होती. पाण्याचें काम परसदारच्या मोरीवर होई. तेथें बंब, घंगाळ व तांब्या असे. विंचरण्या-नटण्याचें काम माजघरांत उजेडाशीं बसून होई; त्यासाठीं फणीकरंड्याची पेटी असे. तिच्या झांकणांत आरसा, आणि कप्प्यांत फणी, कुंकवाचा करंडा व मेणाची डबी. ओलें काम ओल्या जागीं आणि कोरडें काम कोरड्या जागीं, अशी ती व्यवस्था होती. आजच्या बेसिन-आरशाच्या जोडीनें हीं दोन्हीं कामें हाताच्या अंतरावर आणून ठेविलीं. सोय त्यामुळें झाली, आणि अडचणीहि त्यांतूनच निघाल्या.

नांदेड जिल्ह्यांतील मुखेड या तालुक्याच्या गांवीं असूं शकेल असें एखादें जुनें घर डोळ्यांपुढें आणावें. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती; वर माळवद होतें तें काढून आतां पत्रे घातलेले; मागल्या अंगास नंतर बांधलेली विटांची पक्की खोली आणि तिच्या छतावर पाण्याची टाकी. घरांत सहा माणसें: पंचाहत्तरीची आजी, तिचा मुलगा व सून, आणि तीन नातवंडें. सून नोकरीस जाते, मुलांची शाळा सकाळची. स्नानाची खोली एकच, आणि बेसिनहि तिच्यांतच. सकाळीं एक जण आंत शिरला कीं पांच जण बाहेर तिष्ठत राहतात. आजीला पहाटे पांचलाच जाग येते; पण ओल्या फरशीवरून एकटीनें चालण्याची तिला भीति वाटते, म्हणून सून उठेपर्यंत ती अंथरुणावर बसून राहते. या घरानें आतां दुरुस्ती काढली आहे. आजीला आपलें तोंड आपल्या वेळेला, कोणास हांक न मारतां धुतां यावें, ही एक गोष्ट साधली तर दुरुस्ती सफळ झाली म्हणावयाची. या एका कसोटीनें पुढील सर्व निर्णय करतां येतात.

पहिला निर्णय जागेचा. बेसिन स्नानाच्या खोलीबाहेर काढावें. एक माणूस स्नान करीत असतां दुसऱ्यास दाढी करतां येते, तिसऱ्यास दांत घासतां येतात, आणि त्यासाठीं घर इंचभरहि वाढवावें लागत नाहीं. शिवाय बेसिनपुढची फरशी कोरडी राहते, हा त्याहून मोठा लाभ. म्हातारीं माणसें घरांत पडतात तीं पुष्कळदां ओल्या फरशीवरच. आणि त्या वयांत खुब्याचें हाड मोडलें तर माणूस महिनेच्या महिने अंथरुणास खिळतो, कित्येकांना तर पुन्हां पूर्वीसारखें चालतांच येत नाहीं. जागा निवडतांना जेवणाच्या खोलीजवळचा बोळ किंवा कोपरा पाहावा, म्हणजे जेवणाचे हात धुण्यासहि तेंच बेसिन उपयोगीं पडतें. पुढें उभें राहण्यास अडीच फूट मोकळी जागा हवी. बोळ चार फूट रुंद असेल तर दीड फूट खोलीचा ओटा त्यांत बसतो. त्याहून अरुंद असल्यास फूट-सव्वा फूट खोलीचें लहान बेसिन किंवा कोपऱ्यांत बसणारें तिकोनी बेसिन घ्यावें.

गवंड्यास बोलावण्यापूर्वीं एक बिनखर्चाचा प्रयोग करावा. भिंतीवर व जमिनीवर खडूनें ओट्याची आंखणी करावी, तेथें स्टुलावर घमेलें व तांब्या ठेवावा, आणि दोन दिवस घरांतल्या सर्वांनीं तेथेंच तोंड धुवावें. दार उघडतांना कोणाला लागतें, टॉवेल कोठें टांगावा लागतो, लहानग्याचा हात कोठवर पोंचतो, हें कागदावरच्या नकाशापेक्षां अशा दोन सकाळींत अधिक कळतें.

दुसरा निर्णय भिंतीचा, आणि मराठवाड्यांतील जुन्या घरांत तो हलक्या हातानें करूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व भोंवतालच्या गांवांस भूकंपाचा धक्का बसला आणि हजारों माणसें मृत्यु पावलीं. एवढा संहार होण्यास घरांची बांधणी मोठ्या अंशीं कारण झाली. चिखलांत बसविलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचें जड माळवद. भिंतीचे आंतले व बाहेरचे थर एकमेकांस नीट बांधलेले नव्हते, ते सुटून कोसळले. या भागांतील पुष्कळ जुनीं घरें याच बांधणीचीं आहेत. अशा भिंतींत नळासाठीं खांच पाडली कीं दगड सैल होतात. आणि पुढें त्या नळाचा सांधा गळूं लागला तर आंतला चिखल ओला होऊन वाहून जातो. वरचा गिलावा नीट दिसत असतो, आंतून भिंत पोकळ होत असते. म्हणून दगडमातीच्या भिंतींत पाण्याचा नळ पुरूं नये आणि तिच्यावर जड बेसिन टांगूं नये. बेसिनसाठीं सिमेंटांत बांधलेली विटांची भिंत निवडावी. आपल्या कल्पनेंतल्या घरांत ती मागल्या खोलीची आहे, आणि टाकीहि तिच्याच वर आहे. अशी भिंत जेथें नसेल तेथें विटांच्या दोन लहान खांबांवर दगडाची लादी टेंकवून तिच्यावर बेसिन ठेवावें, व नळ भिंतीच्या बाहेरून उघडा न्यावा. उघडा नळ डोळ्यांना थोडा खुपतो. पण तो गळूं लागला तर त्याच दिवशीं कळतें.

तिसरा विचार पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें, हें श्रोत्यांस आठवत असेल. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारें ५ लक्ष लिटर पाणी होतें. ज्या मुलखांत पिण्याचें पाणी रुळांवरून आलें, त्या मुलखांत नळ कोणता बसवावा हा चैनीचा प्रश्न राहत नाहीं. चांगल्या दाबाचा साधा नळ पुरा सोडला तर मिनिटाला आठदहा लिटर पाणी सहज जातें. आपल्या घरचा नळ किती देतो हें बादली व घड्याळ घेऊन कोणासहि मोजतां येईल. दांत घासतांना तो दोन मिनिटें वाहता राहिला तर सोळा ते वीस लिटर गेलें. सहा माणसांनीं दिवसांतून एकदांच असें केलें तरी आंकडा शंभर लिटरांच्या घरांत जातो. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा-पुस्तिकेंत, जेथें नळ आहेत पण भुयारी गटारें नाहींत अशा गांवांसाठीं दर माणशीं रोज ७० लिटर पाणी धरलें होतें. म्हणजे एका माणसाच्या अख्ख्या दिवसाच्या वांट्याहून अधिक पाणी केवळ उघड्या नळापायीं मोरींत जातें.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, नळाच्या तोंडाशीं 'एरेटर' नांवाची बारीक जाळी बसविणें. ती धारेंत हवा मिसळते. धार भरीव वाटते, पण पाणी निम्म्याहून कमी लागतें. दुसरा, पाव फेऱ्यांत उघडणारा व मिटणारा साधा नळ घेणें. साबणाचा हात असला तरी कोपरानें तो मिटतां येतो. मात्र नळ घेतांना दाबाचा हिशेब करावा. टाकींतील पाणी नळाहून दहा फूट उंच असेल तर नळाशीं दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ०.३ किलो इतकाच दाब पडतो. उंच इमारतींच्या जोरदार पाण्यासाठीं केलेले कित्येक महागडे मिक्सर-नळ एवढ्याशा दाबावर नीट चालत नाहींत; पाण्याची करंगळीएवढी धार येते आणि घरचीं माणसें नळ बसविणाऱ्यास दोष देतात. दाब अगदींच कमी असेल तेथें जाळीहि लावूं नये, साधा नळच बरा.

आणखी एक गोष्ट दुकानांतल्या नमुन्यांत कधींच आढळत नाहीं. मराठवाड्यांतील पुष्कळ गांवीं नळास पाणी रोज येत नाहीं, आणि उन्हाळ्यांत तर टाकीहि रिकामी पडते. त्या दिवसांत सुंदर बेसिन कोरडें राहतें व घर पुन्हां बादलीकडे वळतें. यासाठीं बेसिनशेजारीं, ओट्याहून फूटभर उंच, एक भक्कम फळी आधींच करून ठेवावी. वीस-पंचवीस लिटरची तोटीची टाकी तीवर राहील व तोटी बेसिनवर येईल. भरलेल्या टाकीचें वजन वीस-पंचवीस किलोंच्यावर जातें, हें लक्षांत ठेवून कंस मजबूत घ्यावे.

पाणी येण्याच्या वाटेइतकीच तें जाण्याची वाट महत्त्वाची. बेसिनखालची नळी वांकवून तींत नेहमीं थोडें पाणी उभें राहील अशी योजना असते. गटारांतली दुर्गंधी व झुरळें तें पाणी अडवितें. लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ सालीं पेटंट घेतलेल्या शौचकूपांत ही वांकड्या नळीची युक्ति वापरली होती. फरशीखालीं बसणाऱ्या अशाच भांड्यास आपल्याकडील नळकाम करणारे 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. न्हाणीचा शब्द असा इंग्रजी नळविद्येंत जाऊन बसला आहे. या भांड्यांत दोन इंच तरी पाणी उभें राहिलें पाहिजे. घर महिनाभर बंद ठेवल्यास तें सुकतें आणि परत आल्यावर घरांत वास येतो. तांब्याभर पाणी ओतलें कीं तो थांबतो. बेसिनच्या नळीस दर तीन फुटांस सुमारें एक इंच उतार असावा, आणि स्नानाच्या खोलींतील फरशीस दर चार फुटांस अर्धा इंच. उतार फरशी बसविण्यापूर्वीं पाणी ओतून पाहावा; मागाहून तो सुधारतां येत नाहीं.

हें सांडपाणी शेवटीं कोठें जातें? रस्त्यावरच्या उघड्या गटारांत गेलें तर घरचा स्वच्छपणा शेजाऱ्याच्या दारांत डांस होऊन उभा राहतो. याबाबत नांदेड जिल्ह्यांतच एक उदाहरण घडलेलें आहे. हिमायतनगर तालुक्यांतील टेंभुर्णी या गांवानें घरोघरीं शोषखड्डे केले, उघडीं गटारें बंद केलीं, व डांसांचा त्रास घालविला. हा खड्डा साधा असतो: सुमारें चार फूट लांब, रुंद व खोल, मधोमध वरच्या अंगास भोकें असलेली सिमेंटची टाकी, तिच्या भोंवतीं दगडगोटे. गाळ टाकीच्या तळाशीं बसतो आणि वरचें पाणी भोकांतून दगडांत व तेथून जमिनींत झिरपतें. तोंड-हात धुतल्याच्या पाण्यास तो पुरेसा आहे. मात्र या भागांतील काळी जमीन पाण्यानें फुगते व सुकली कीं भेगाळते. म्हणून खड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी दूर, आणि विहीर असल्यास तिच्यापासून त्याहूनहि दूर ठेवावा. परस मोठें असेल तर हेंच पाणी कर्दळीच्या किंवा केळीच्या आळ्यांत सोडावें. जुन्या मोरीशेजारीं कर्दळ असे ती याच कारणानें.

आतां दगड व लांकूड. फरशीसाठीं शहाबादी दगड मराठवाड्यास परका नाहीं; शहाबाद व मुखेड हीं दोन्हीं गांवें १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यांत होतीं. शहाबादी फरशी घोटून गुळगुळीत केली नाहीं तर पाय घसरत नाहीं, हा तिचा मोठा गुण. परंतु शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे तिन्हीं मूळचे चुन्याचे दगड आहेत, व आम्लानें चुना विरघळतो. विंधनविहिरीच्या जड पाण्यानें नळावर व बेसिनवर पांढरे क्षार बसतात, ते काढण्यास घरोघरीं अ‍ॅसिड वापरतात. तें या दगडांवर सांडलें कीं त्यांचें तेज कायमचें जातें. नळावरचे क्षार लिंबाच्या रसानें किंवा व्हिनेगारनें निघतात, पण तेहि दगडावर पडूं न देतां लगेच धुवून टाकावे. ओट्यासाठीं ग्रॅनाइट घेतल्यास ही चिंता राहत नाहीं. खालचें कपाट लांकडी करावयाचें असेल तर तें जमिनीपासून सहा इंच उचलावें, म्हणजे खालून केरसुणी व पोतेरें फिरतें आणि वाळवीहि दिसते. साधें प्लायवुड येथें दोन पावसाळ्यांत फुगतें. भारतीय मानक ७१० चें, पाण्यास टिकणारें प्लायवुड घ्यावें. पैसे कमी पडत असतील तर कपाट वगळावें व मोकळ्या फळ्या ठेवाव्या. वारा खेळता राहतो, आणि गळती झांकली जात नाहीं.

उंची माणसांवरून ठरवावी. बेसिनचा कांठ जमिनीपासून ३१ ते ३३ इंच असला म्हणजे बहुतेकांस सोयीचा पडतो. ताठ उभें राहून कोपर वांकविलें असतां कांठ त्याच्या सहा इंच खालीं यावा. मुलांसाठीं बेसिन उतरवूं नये, मुलें वाढतात. त्यांस बैठें स्टूल द्यावें. आरसा मात्र लहानथोर सर्वांस चालेल असा उभट घ्यावा, जमिनीपासून साडेतीन फुटांवर सुरू होऊन सहा फुटांपर्यंत जाणारा. पूर्वीं कांचेच्या पाठीस कथील व पारा यांचा लेप देत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें १८३५ सालीं चांदीचा पातळ थर देण्याची रीत दाखविली व पुढें पारा मागें पडला. तरी आरसा डागाळला म्हणजे मराठी माणूस आजहि 'पारा उडाला' असेंच म्हणतो. तो डाग कडेनें शिरणाऱ्या ओलीचा असतो. म्हणून आरसा ओट्यास टेंकवूं नये, बेसिनच्या आठदहा इंच वर आणि भिंतीपासून पाव इंच सुटा बसवावा. दिवा डोक्यावर एकच लावला तर कपाळ उजळतें आणि डोळे व हनुवटी सावलींत राहतात. दोन लहान दिवे आरशाच्या दोन्हीं बाजूंस, चेहऱ्याच्या उंचीवर लावावे. विजेचा प्लग बेसिनपासून दोन फूट तरी दूर असावा, आणि घराच्या वीजपेटींत ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर प्रवाह तोडणारी 'आर. सी. सी. बी.' असल्याशिवाय या जागीं विजेचें कामच करूं नये.

उभ्यानें वापरावयाच्या बेसिनमुळें एक जुनी सोय नाहींशी होते, तिचीहि आठवण ठेवावी. आपल्याकडे बाहेरून आलेला माणूस आधीं पाय धुतो. मुसलमान घरांत नमाजापूर्वीं वजू करतांना हात, तोंड व पाय बसून धुतात. बेसिनवर पाय धुतां येत नाहींत, आणि कोणी प्रयत्न केला तर तोल जातो. म्हणून स्नानाच्या खोलींत किंवा परसदारीं गुडघ्याच्या उंचीचा एक नळ व बसावयास दगडी ओटली ठेवावी. बेसिनपासून स्नानाच्या खोलीपर्यंत, आणि त्या ओटलीशेजारींहि, हाताशीं येईल असा दांडा असावा. तो माणसाचा सारा भार सोसणारा हवा. टॉवेलचा दांडा म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. दगडमातीच्या भिंतींत खिळे धरत नाहींत, तेथें लोखंडी खांब जमिनींत गाडून त्यास दांडा जोडावा.

खर्चाचा क्रमहि यावरून आपोआप लागतो. प्रथम सांडपाण्याची वाट व उतार, मग भिंत व नळ, मग न घसरणारी फरशी व दांडा, मग बेसिन, आणि सर्वांच्या शेवटीं आरसा व कपाट. आरसा पुढल्या दिवाळीस बदलतां येतो. फरशीखालची नळी बदलावयाची तर सारें काम पुन्हां फोडावें लागतें. दुर्दैवानें बहुतेक घरांत पैसा उलट क्रमानें खर्च होतो, कारण पाहुण्यांना आरसा दिसतो, उतार दिसत नाहीं.

या क्रमानें काम झालें तर त्या कल्पनेंतल्या घरांत आजी पहाटे पांचला उठेल, बोळांतला लहान दिवा लावील, दांड्यास धरून कोरड्या फरशीवरून चार पावलें जाईल, तोंड धुवील, आरशांत पाहून कपाळ नीट करील, आणि सून उठण्यापूर्वीं आपल्या जागीं येऊन बसेल. घरांत कोणाची झोपमोड होणार नाहीं. बेसिन कोणत्या दुकानचें आहे हें तिला ठाऊक नसेल, आणि तें ठाऊक असण्याची गरजहि पडणार नाहीं.